विनंती थांब्यावरचे मगर सर

मगर हे आडनाव आमच्या हिंगोली जिल्ह्यात पैशाला पासरी आहे. ते लावणाऱ्या बहुतेकांना त्याचा काही उपयोग होत नाही. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मगर सरांनी मात्र ते पुरेपूर वापरलं. हे माझ्या लक्षात आणून दिलं हिवरटेक फाट्यावरच्या खाजाभाईंनी. चहा गाळता गाळता ते म्हणाले होते, "सर का नाम लेव, तो बात वहींच अटकती. 'मगर' बोले की आगे कुछ ना कुछ निकलताच."

मी मराठी शिकवायचो, त्यामुळे मला दुसरी गोष्ट दिसली. मराठीत ज्याला विरोध करायचा असतो तो बोलण्याला फाटे फोडतो, आणि सर मुळात फाट्यावरचेच. वारंगा फाट्याकडून हिंगोलीला येताना मध्ये हिवरटेक गावाची वाट फुटते. तिथं एक लिंब, खाजाभाईंचं हॉटेल, एक पंक्चरवाला आणि 'विनंती थांबा' अशी पाटी. विनंती थांबा म्हणजे जिथं हात दाखवला तर बस थांबते आणि न दाखवला तर निघून जाते. सर गावातून चालत तिथं यायचे आणि गावातल्या मुलींबरोबर त्याच बसनं तालुक्याला महाविद्यालयात यायचे. गाडी त्यांनी कधी घेतली नाही. "शिकायची म्हनलं तर पेट्रोल लागते, आन् शिकवायची म्हनलं तर विद्यार्थी लागतात. बसमंदी दोन्ही फुकट," असं ते म्हणत. याचा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही, पण बसमध्ये ते मुलींची तोंडी परीक्षा घेत आणि कंडक्टरही उत्तरं देई, हे मी पाहिलेलं आहे.

कुणाचं बोलणं ते मध्येच तोडत नसत. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि शेवटपर्यंत ऐकायचं. मग म्हणायचं, "बराबर. आता एक सांगा." सरांनी 'बराबर' म्हटलं की आमचे प्राचार्य पाण्याचा ग्लास उचलत.

एकदा महाविद्यालयाला भव्य प्रवेशद्वार बांधायचं ठरलं. प्राचार्यांनी सभेत त्याचं वर्णन केलं. दोन खांब, वर कमान, कमानीवर सरस्वती, सरस्वतीच्या खाली संस्थापकांचं नाव, सरस्वतीपेक्षा मोठ्या अक्षरांत. त्यामुळे परिसराचा विकास होईल, असंही ते म्हणाले. सरांनी डोळे उघडले.

"बराबर. आता एक सांगा. कुंपन कधी येनार?"

"कुंपण पुढच्या टप्प्यात, सर."

"म्हंजे तवर दरवाजातून काहून जायचं?"

प्राचार्यांनी ग्लास रिकामा केला. दरवाजा झाला. पुढचा टप्पा आलाच नाही. माळरानावर दोन खांब उभे राहिले आणि मुलं, शिक्षक, म्हशी त्यांच्या दोन्ही बाजूंनी आरामात येत-जात राहिल्या. कमानीतून नेमानं जाणारा एकच माणूस होता, मगर सर. एवढा खर्च झाला आहे तर कुणीतरी वापरला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जाताना ते दार लोटल्यासारखा हातही करत.

आणखी एक खोड म्हणजे त्यांना 'विनंती' हा शब्द चालत नसे. रजेच्या अर्जात आम्ही सगळे 'नम्र विनंती की' लिहायचो. सर लिहायचे, 'उद्या मी येणार नाही, हे कळावे.' कारण विचारलं की म्हणत, "विनंती केली की समोरचा मोठा व्हतो. उगं कुनाला काहून मोठं करायचं?" आयुष्यभर जो माणूस रोज विनंती थांब्यावर उभा राहिला, त्याचं हे मत होतं.

वर्गात ते पुस्तकातलं सगळं शिकवत, अगदी परीक्षेला येईल तसं. विकसनशील देशांत रस्ते, वीज, पाणी, दळणवळण या पायाभूत सुविधांमुळे आर्थिक वाढ कशी होते, याचे मुद्दे फळ्यावर लिहून देत. मुली उतरवून घेत. मग सर खडू ठेवून हात झटकत आणि खरा तास सुरू होई.

"सडक आली. आता तुमच्या घरची हळद कशी जाते?"

"पोत्यात, सर."

"आन् दुकानात कशी येते?"

"पाकिटात, सर."

"सडक तीच ना? मंग पोतं जाताना पाकीट काहून व्हत न्हाई?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. सरांकडेही ते तयार नसे. मुली घरी जाऊन बापाला विचारत, बाप फाट्यावर येऊन खाजाभाईंना विचारत, आणि खाजाभाई सरांना विचारत. सर म्हणत, "बराबर. आता एक सांगा," आणि प्रश्न आणखी एक फेरी मारायला निघे.

खाजाभाईंची मुलगी रेश्मा त्यांच्या वर्गात होती. बोलायला बापासारखीच. बारावीनंतर शिकणारी त्यांच्या घरातली ती पहिली, आणि तिला पुढं शिक्षिका व्हायचं होतं. चाचणी परीक्षेत 'पायाभूत सुविधा म्हणजे काय?' या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, 'पायी जाणाऱ्या माणसांसाठी ज्या सुविधा असतात त्यांना पायाभूत सुविधा असे म्हणतात. उदा. सावली, पाणी, बस थांबा.' सरांनी तो पेपर घेऊन स्टाफरूम गाठली. आम्हाला वाटलं, हसायला आणला. सरांनी तिला पूर्ण गुण दिले होते.

"सर, हे चूक आहे," वाणिज्यचे सहकारी म्हणाले.

"व्हय, चूकच हाये. फकत पुस्तकातल्या बराबरपेक्षा बरी हाये."

यावरून कुणाला वाटेल की सर रस्त्यांच्या विरोधात होते. तसं वाटून पुण्याहून एक गृहस्थ त्यांना भेटायला आले होते. खांद्यावर झोळी, गळ्यात कॅमेरा. चौपदरीकरणानं ग्रामीण जीवनाची लय कशी बिघडते यावर ते काही लिहीत होते. खाजाभाईंच्या बाकावर बसून त्यांनी बराच वेळ सांगितलं की बैलगाडीच्या वाटेत एक शहाणपण असतं. सरांनी चष्मा वर चढवून सगळं ऐकलं.

"बराबर. आता एक सांगा. तुमी आलात कशानं?"

"कारने."

"आमच्या जुन्या वाटेनं यायचं व्हतं. ती हाये की अजून, वढ्याच्या पलीकडून."

गृहस्थ हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या आक्काला बाळंतपणात बाजेवर टाकून त्याच वाटेनं आनली व्हती. पावसाळा. काळ्या रानात पाय गुडघ्यापस्तोर रुतायले. चौघं मानसं, आन् मी मागून कंदील घेऊन. सडकेला पोचलो तवा गाडीची गरज उरली न्हवती. त्या वाटेत शहाणपन असंल, माझ्या ध्यानात आलं न्हाई. सडकेला शिव्या द्यायच्या तर द्या, मी बी देतो. फकत ती असल्यावर."

खाजाभाईंनी न सांगता दुसरा चहा पाठवला. पुण्याच्या लेखात हे आलं की नाही, माहीत नाही. बैलगाडीचा फोटो आला होता.

मग आमचा रस्ता चौपदरी झाला. हिवरटेक फाटा अपघाताची जागा म्हणून तिथं उड्डाणपूल मंजूर झाला. गावाला आनंद झाला. मुंबई-पुण्याला असतो तसा पूल आपल्या फाट्यावर, हे काही लहान नव्हतं. दोन्ही बाजूंना मातीचा भराव, सिमेंटच्या उंच भिंती, मधोमध एक बोगद्यासारखी वाट. पुलाच्या दोन्ही अंगांनी खालून सर्व्हिस रोड. लिंब वाचला, खाजाभाईंचं हॉटेल वाचलं, पाटीसुद्धा वाचली. पूल सुरू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून बस वरून जाऊ लागली.

मुली खाली हात दाखवून उभ्या असत आणि डोक्यावरून बस गेल्याचा आवाज येई. काही दिवस जीपमध्ये दाटीवाटीनं आल्या. जीप भरेपर्यंत थांबायची, पहिला तास बुडायचा, आणि शेवटी जागा राही ती मागच्या पायरीवर. एकेक मुलगी कमी होऊ लागली. वर्गात सर हजेरी घेताना नाव उच्चारून थोडं थांबत.

खाजाभाईंनी एका संध्याकाळी सांगून टाकलं. "सर, धंदे की बात छोडो. धंदा मैं पुल के नीचे भी लगा लूंगा. पन पोरगीचं कालिज कुठं लावू? जीपला लटकत न्हाई पाठवनार मी. महिनाअखेर बस आली तर आली. न्हाई तर घरात बसंल. उसकी फूफी रिश्ता लेके बैठीच है."

रेश्मा आतून म्हणाली, "अब्बा, फूफी को बस में बिठा के भेजो ना पहले."

बहिणीची थट्टा ऐकून बाप हसला, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सर मला बरोबर घेऊन आगारात गेले. आगारातले साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसवलं आणि एक जाडजूड फाईल न उघडता समोर ठेवली.

"थांबा रद्द झालेला नाही," ते म्हणाले.

"मंग?"

"विनंती थांबा म्हणून कायम आहे. फक्त गाडी थांबत नाही."

"बराबर. आता एक सांगा. काहून थांबत न्हाई?"

"गाडी पुलावरून जाते ना सर. पुलावर थांबवता येत नाही. नियम आहे."

"खालून काहून जात न्हाई?"

"खालून जायला काहीच हरकत नाही. प्रवासी पाहिजेत."

"प्रवासी खालीच उभे हायेत."

"असतील. पण ड्रायव्हरला वरून दिसत नाहीत."

सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. हे फार क्वचित होई. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मागनी आन् पुरवठा यवढा सोपा करून मला कदी शिकवता आला न्हाई. मागनी खाली, पुरवठा वर."

मी म्हटलं, "सर, एक विनंती अर्ज..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पुरं केलं नाही.

पुढच्याच आठवड्यात लोकार्पण सोहळा होता. पुलावरून गाड्या पळत होत्या, पण पूल अजून लोकांना अर्पण व्हायचा होता, त्यामुळे त्या गाड्या हिशोबात धरायच्या नव्हत्या. एक मोठे साहेब येणार होते. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, असे साहेब सगळीकडे असतात. गावानं सत्कार समिती केली आणि गावातले शिकलेले म्हणून प्रास्ताविक सरांकडे दिलं. विषय, 'पायाभूत सुविधा आणि आपला विकास'. सर लगेच हो म्हणाले. एकही फाटा फोडला नाही. तेव्हाच आम्हाला संशय यायला हवा होता.

मांडव कुठं घालायचा, यावर सरपंच म्हणाले, शाळेसमोर. सर म्हणाले, "पूल फाट्यावर, आन् सत्कार शाळेत? फाट्यावरच घाला. साहेबांना उतरलं की बसता आलं पायजे." सगळ्यांना पटलं.

सकाळी मांडव सजला. फेटे, शाली, नारळ, बँड. खाजाभाईंनी मोठं पातेलं चढवलं. साहेबांनी पुलाच्या वारंग्याकडच्या टोकाला फीत कापली, नारळ फोडला, आणि फीत कापल्यावर पुलावरून पहिली गाडी आपलीच गेली पाहिजे म्हणून ताफा निघाला. बँडवाल्यांनी सूर धरला. ताफा आमच्या डोक्यावरून सायरन वाजवत हिंगोलीकडे निघून गेला.

बँड थांबला. सरपंच हातात हार धरून वर पाहत राहिले.

"येतील," कुणीतरी म्हणालं. "दुभाजक जिथं उघडा हाये तिथून वळून येतील."

तो बराच पुढं उघडा होता. पातेल्यातला चहा उकळून काळा झाला. शेवटी सायरन ऐकू आला, बँड पुन्हा सुरू झाला, आणि ताफा दुसऱ्या बाजूनं, आमच्याच डोक्यावरून, वारंग्याकडे गेला. त्या अंगाला खाली उतरायच्या तोंडावर ठेकेदाराचा खडीचा ढीग अजून तसाच होता. सरपंचांनी सवयीनं हार उंचावला होता, तो तसाच खाली घेतला.

"दो दफा सलामी हो गई," खाजाभाई म्हणाले. "अब जनाजे की नमाज रह गई बस."

तिसऱ्या वेळेस खाली उतरायचं तोंड वेगात पुन्हा मागं पडलं आणि गाड्या पुलाच्या मधोमध करकचून थांबल्या. जिथं थांबायचा नियम नव्हता तिथं. कठड्यावरून साहेबांचं डोकं दिसलं, मग त्यांच्याभोवती आणखी चार-पाच डोकी. खाली सगळा गाव माना वर करून उभा. सरांच्या हातात माईक होता.

"रेश्मा," सर म्हणाले, आणि ते कर्ण्यातून सगळ्या शिवारात ऐकू गेलं, "हात दाखव."

रेश्मानं बसला दाखवतात तसा हात दाखवला. तिच्या मागच्या मुलींनीही दाखवला. त्या सगळ्या रोज जशा उभ्या राहत तशाच ओळीनं उभ्या होत्या.

"साहेब, घाबरू नका," सर माईकवर म्हणाले. "थांबा रद्द झालेला न्हाई. फकत गाडी थांबत न्हाई."

आधी मुली हसल्या. मग गाव हसला, मग बँडवाले. आगारातले साहेब मांडवात दुसऱ्या रांगेत बसले होते, ते आपले बूट पाहू लागले.

शेवटी मोठे साहेब चालत आले. पुलाच्या टोकापर्यंत वरून, आणि तिथून सर्व्हिस रोडनं मागं खालून, पांढऱ्या कपड्यांत, भर उन्हात. मांडवात पोचले तेव्हा रुमाल पिळायच्या लायकीचा झाला होता. सरांनी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग प्रास्ताविक केलं. ते आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासातलं सर्वांत छोटं प्रास्ताविक होतं.

"आमची एक विद्यार्थिनी म्हनते, पायी जानाऱ्या मानसासाठी ज्या असतात त्या पायाभूत सुविधा. साहेब आज पायी आले. सावली घेतली, पानी घेतलं. थांबा तेवढा राहिला. माझं बोलनं संपलं."

साहेब मुरलेले होते. अपमान झाला हे गावाला कळायच्या आत त्यांनी तो आपलाच विनोद असल्यासारखा हसून घेतला. तिथूनच आगारातल्या साहेबांना पुढं बोलावलं आणि माईकवरून हुकूम सोडला, उद्यापासून गाडी खालून. टाळ्या झाल्या. शाल साहेबांना मिळाली, पण खाजाभाईंनी चहा आधी सरांना दिला.

परतताना मी विचारलं, "सर, ताफा वरूनच जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

चष्मा कपाळावर गेला. "बराबर. आता एक सांगा. माहीत कुनाला न्हवतं?"

बस खालून येऊ लागली. रेश्माची फूफी रिश्ता घेऊन आली ती, दोन दिवस चहा पिऊन, त्याच बसनं परत गेली. हुकुमात आगारानं मात्र आपलं एक वाक्य घातलंच होतं, 'हात दाखवणारे प्रवासी असल्यास'. सर्व्हिस रोडच्या तोंडाशी गाडी जरा हळू होई, ड्रायव्हर मान काढून पाही, हात दिसला तर खाली, नाही तर वर. तरीही मुली परत आल्या. हजेरी घेताना सर पुन्हा भराभर नावं घेऊ लागले. त्याच वर्षाअखेर ते निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी, त्यांच्या कार्याचा गौरव करताना, प्रवेशद्वाराचा उल्लेख टाळला. समारंभ संपल्यावर सर त्या दोन खांबांमधून बाहेर पडले आणि मागं वळून दार लावल्यासारखा हात केला.

मग माझी संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात बदली झाली आणि तो रस्ता सुटला. त्यानंतर सर मला एकदाच दिसले.

दिवाळीची सुट्टी होती. मी वारंगा फाट्याला बस बदलून हिंगोलीकडे निघालो होतो. गाडी जवळजवळ रिकामी. ड्रायव्हर तरुण, घाईतला. पूल जवळ आला तसा त्यानं वेग वाढवला, मग एकदम शिवी हासडली आणि गाडी डावीकडे सर्व्हिस रोडला घातली.

लिंबाखाली मगर सर उभे होते. एकटेच. अंगात घरचा सदरा, पायांत चपला, हातात पिशवी नाही. उजवा हात खांद्याच्या वर सरळ.

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "या सर."

"न्हाई, तुमी जा."

"आता काय बोलावं ह्यांना!" कंडक्टर आमच्याकडे वळून म्हणाला. "सुट्ट्या लागल्यापासून रोज हेच चालू हाये. हात दाखवतेत, आन् चढत न्हाईत." मग बाहेर वाकून, "सर, जायचं न्हाई तर हात काहून दाखवता?"

सरांनी तेवढ्यात मला खिडकीत पाहिलं. ओळखीचं हसले आणि कंडक्टरऐवजी मलाच उत्तर दिलं.

"पोरींना सुट्ट्या हायेत. दोन-तीन आठवडे खाली कुनीच दिसलं न्हाई, तर गाडी वरून जायाला शिकून जाईल. मंग पुना शिकवावं लागंल."

"आणि तुम्ही रोज..."

"विनंती थांबा हाये बाबा," ते म्हणाले. "विनंती करावी लागते."

हे म्हणताना त्यांनी चष्मा कपाळावर नेला नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. हॉटेलातून खाजाभाईंनी मला ओळखून हात केला आणि मोठ्यानं सांगितलं, रेश्मा आखिरी साल में है.

गाडी पुढं निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. सर पुलाखालच्या बोगद्यातून पलीकडच्या अंगाला निघाले होते. वारंग्याकडे जाणारी बस अजून यायची होती.